ऊब विकत घ्यायची की साठवायची?

लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे पंधरा अंशांच्या आसपास असतो आणि कडाका वाढला की त्याहून बराच खाली जातो. नळ गोठलेले असतात, शेतातली माती कुदळीला दाद देत नाही, खिंडीतले रस्ते बर्फाखाली असतात. या दिवसांत तिथल्या काही घरांच्या अंगणात पालक आणि कोथिंबीर खुडली जात असते. त्यासाठी शेगडी नसते, हीटर नसतो, जनरेटरही नसतो. उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंना कच्च्या विटांच्या जाड भिंती, दक्षिणेकडे उतरता प्लास्टिकचा पडदा आणि आत वाफे, एवढाच सरंजाम. सीमेवरच्या जवानांना ताजी भाजी मिळावी म्हणून संरक्षण संशोधन संस्थेच्या लेहमधल्या प्रयोगशाळेने साठच्या दशकापासून इथे भाजीपाल्यावर काम केले. पुढे जेरेस ही फ्रेंच संस्था आणि तिच्या स्थानिक सहकाऱ्यांनी मातीच्या भिंतीचे हे हरितगृह गावोगाव नेले. त्या कामाला 2009 मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कारही मिळाला. कौतुक पुष्कळ झाले, पण त्यातला मुद्दा आपल्या शेती धोरणात उतरलेला दिसत नाही. तो मुद्दा असा की थंड प्रदेशातल्या छोट्या भाजीशेतीला दर रात्री विकत घेतलेली ऊब परवडत नाही. दिवसा फुकट मिळणारी ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवण्याची सोय एकदाच करावी लागते, आणि सरकारी पैसा खर्च व्हायचा असेल तर तो या साठवणुकीवर व्हायला हवा.

हे पटायचे तर आधी थंडी आणि अंधार यांची गल्लत सोडवावी लागते. लडाख थंड आहे तो उंचीमुळे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. पण ते चौतिसाव्या अक्षांशावर आहे. तिथे वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा पावणेदहा तासांच्या आसपास भरतो, आभाळ बहुतेक दिवस निरभ्र असते आणि हवा विरळ असल्याने ऊन चटका देणारे असते. याउलट ॲमस्टरडॅममध्ये डिसेंबरातला दिवस पावणेआठ तासांहूनही लहान, आणि त्यातही ढगाळ. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, हिवाळ्यातही कृत्रिम उष्णतेशिवाय भाजी काढणारे एलियट कोलमन यांनी आपल्या पुस्तकांतून हाच हिशोब मांडला आहे. दिवस दहा तासांच्या खाली गेला की झाडाची वाढ जवळपास थांबते. म्हणून त्याआधी पीक पुरेसे वाढवून ठेवायचे आणि हिवाळाभर ते फक्त जगवत, काढत राहायचे. कोलमन यांच्या शेतावर हा वाढ थांबण्याचा काळ लांबलचक असतो. लेहमध्ये तो नावापुरताच येतो. म्हणजे जिथे आपण नुसती थंडी पाहतो, तिथे भाजीला लागणारी मुख्य गोष्ट, ऊन, युरोपच्या निम्म्याअधिक भागापेक्षा मुबलक आहे. अडचण आहे ती सूर्य मावळल्यानंतरच्या चौदा तासांची.

त्या चौदा तासांसाठी भिंत काय करते, याचा साधा हिशोब मांडता येतो. दहा मीटर लांब, दोन मीटर उंच आणि हातभर, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर जाड अशी मातीची भिंत धरली तर ती नऊ घनमीटर भरते. वजन साधारण पंधरा-सोळा टन. दिवसभर तापलेली ही भिंत रात्रीत पाच अंशांनी थंड झाली तर ती वीस युनिट विजेइतकी उष्णता आत सोडते. सगळी भिंत काही सारखी तापत नाही, बाहेरच्या बाजूने थोडी उष्णता वायाही जाते. म्हणून निम्मीच धरू. तरी दहा युनिट झाले. एवढी ऊब मिळवायला रोज रात्री सुमारे लिटरभर रॉकेल जाळावे लागेल, आणि हिवाळ्याच्या एकशेवीस रात्री धरल्या तर एकशेवीस लिटर. तेही खिंडी ओलांडून आणलेले. पालकाची जुडी त्या भावात कोण घेईल? भिंत मात्र अंगणातल्याच मातीची, घरच्याच माणसांनी थापलेली. डिसेंबरातल्या दुपारी लेहमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम बत्तीस अंश वर चढतो, त्यामुळे तिरपे ऊन प्लास्टिकमधून थेट मागच्या भिंतीवर पडते, आणि ती काळी रंगवलेली असली की ते शोषून घेते. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा तीच भिंत फारशी तापत नाही. दोन विटांच्या थरांमध्ये पेंढा भरला की साठवलेली ऊब बाहेरच्या बाजूने फारशी झिरपत नाही. खान्देशात किंवा मराठवाड्यात धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे शास्त्र शिकवावे लागणार नाही.

इथेच प्लास्टिकबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा, कारण सरकारी योजना त्यावरच उभ्या आहेत. पॉलिहाऊस म्हणजे उबदार घर, असे आपण धरून चालतो. दिवसा ते खरे आहे. रात्री नाही. तापलेली जमीन रात्री आपली उष्णता ज्या अदृश्य किरणांवाटे आकाशाकडे सोडते, ते किरण काच बऱ्याच प्रमाणात अडवते. साधे पॉलिथिन मात्र त्यातले पुष्कळसे सहज बाहेर जाऊ देते. त्यामुळे निरभ्र, निवांत रात्री नुसत्या प्लास्टिकच्या घरातले तापमान बाहेरच्यापेक्षा फार वर राहत नाही. कधीकधी तर बाहेरच्याही खाली उतरते. मैदानातल्या आराखड्याचे लोखंडी पाइपांचे, चारी बाजूंनी प्लास्टिकचे हरितगृह उंचावर नेऊन उभे केले तर ते वसंतात आणि शरदात उपयोगी पडते, ऐन हिवाळ्यात नाही. चीनच्या उत्तर भागात हे फार आधी ओळखले गेले. तिथल्या शेतकऱ्यांनी उत्तरेला जाड भिंत आणि रात्री प्लास्टिकवर अंथरायच्या गवती चटया यांच्या जोरावर अशी हरितगृहे काही लाख हेक्टरांपर्यंत पसरवली. कडाक्याच्या थंडीतही त्यांतल्या बहुतेकांना इंधन लागत नाही. लडाखमध्ये याहूनही स्वस्त उपाय आहे तो चराचा. सुमारे मीटरभर खोल चर खणायचा, तळाशी वाफा करायचा, वर प्लास्टिक ताणायचे. चारही बाजूंची जमीन हीच भिंत. धान्याचे पेव माहीत असलेल्या मराठी माणसाला ही भाजीची पेवे वाटतील. आणि खरोखरच तिथे बटाटा, गाजर, मुळा, सलगम हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवण्याची जुनी रीत आहेच.

अर्थात या घरात काय पिकते आणि काय नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी ही उष्ण प्रदेशातली मंडळी. दहा-बारा अंशांखालीच ती कुरकुरू लागतात आणि शून्याच्या जरा खाली गेली की संपतात. पालक, कोबी, केल, वाटाणा यांचे तसे नाही. थंडी हळूहळू वाढत गेली तर ही झाडे पेशींमधली साखर वाढवतात, पेशीतल्या पाण्याचा गोठणबिंदू थोडा खाली नेतात आणि बर्फ झालाच तर तो पेशींच्या बाहेरच्या फटींमध्ये होऊ देतात. असा सराव झालेला पालक उणे सहा-सात अंश सहन करून दुपारी पुन्हा ताठ उभा राहतो. थंडीतले गाजर गोड लागते त्याचे कारणही हेच. तेव्हा भिंतीचे काम आतली हवा वीस अंशांवर ठेवण्याचे नाहीच. बाहेरचे उणे पंधरा आत शून्याच्या आसपास आणून देणे एवढेच. उरलेले पीक स्वतः करते. ज्याला जानेवारीत ढोबळी मिरची हवी आहे त्याला ही पद्धत निरुपयोगी वाटेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण या घराची खरी कमाई मला जानेवारीच्या पालकापेक्षा मार्चमधल्या रोपांत दिसते. उघड्यावर भाजीचा हंगाम मे ते सप्टेंबर असा तुटपुंजा. उघड्या वाफ्यात बी टाकायचे तर मेची वाट पाहावी लागते आणि कोबी भरेपर्यंत पहिली थंडी येऊन ठेपते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंतीच्या उबेत कोबी, फुलकोबी, टोमॅटोची रोपे तयार असली, तर जमीन सैल होताच लावणी होते आणि हंगामाला सुरुवातीलाच सहा-आठ आठवडे जोडले जातात. लेहच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसून भाजी विकणाऱ्या बायकांच्या टोपलीत जो माल लवकर येतो, त्याचे मूळ बऱ्याचदा या रोपांत असते.

विकत घेतलेल्या उबेचे काय होते ते युरोपने अलीकडेच पाहिले. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधली काचघरे नैसर्गिक वायूवर तापवली जातात. तंत्र उत्कृष्ट, उत्पादन थक्क करणारे, आणि ते पाहायला आपल्याकडून शिष्टमंडळे पाठवण्याची प्रथाही जुनी आहे. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, वायूचे भाव भडकले आणि त्या हिवाळ्यात अनेक उत्पादकांनी काचघरे रिकामी ठेवली किंवा लावणी पुढे ढकलली. त्याच सुमारास स्पेन आणि मोरोक्कोतल्या थंडीने तिकडची आवक घटली. फेब्रुवारी 2023 मध्ये ब्रिटनच्या मोठ्या दुकानांत गिऱ्हाइकाला टोमॅटो आणि काकडी मोजून देण्याची पाळी आली. त्या देशांकडे भांडवल आहे, ते सावरले. वायूच्या भावावर ज्याचे काहीच चालत नाही अशा दोन-चार गुंठ्यांच्या शेतकऱ्याला तोच धक्का बसला असता, तर तो पुढच्या हंगामाला उभा राहिला नसता.

या सगळ्यावर पहिला आक्षेप रस्त्याचा घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. रोहतांगखालून जाणारा अटल बोगदा 2020 मध्ये खुला झाला, झोजिलाखालचा तेरा किलोमीटरचा बोगदा होतो आहे. उद्या श्रीनगरहून बारमाही ट्रक येऊ लागले तर मातीच्या भिंतीआड पालक पिकवण्याचा खटाटोप कशाला? कांदा, बटाटा, कोबी आणि टोमॅटोच्या बाबतीत मी हा आक्षेप मान्य करीन. बेमोसमी टोमॅटोच्या भावावर ज्यांनी गणित बांधले आहे, त्यांना बोगदा महागात पडेल. पण पालेभाजीत नव्वद टक्के पाणी असते. चारशेहून अधिक किलोमीटरचा घाटरस्ता आणि वाटेतली गोठवणारी रात्र पार करून ती लेहला पोचेल तेव्हा तिचे काय झालेले असेल, हे दोन दिवसांची कोमेजलेली मेथी निवडणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. आणि रस्ता लेहपर्यंत पोचतो. झांस्करच्या किंवा चांगथांगच्या आतल्या गावांपर्यंत ट्रकमधली भाजी पोचेपर्यंत भाव आणि कळा दोन्ही बदललेले असतात. हिवाळ्यात विमानाने येणारी भाजी आजही मिळतेच, पण तिचा भाव पाहता ती रोजच्या ताटातली नव्हे.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. माती पावसात विरघळते, आणि ऑगस्ट 2010 मध्ये लेहजवळ झालेल्या ढगफुटीत मातीची घरे कशी वाहून गेली ते देशाने पाहिले. पाऊस-बर्फ मिळून वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या प्रदेशात माती हे शहाणपणाचे बांधकाम होते. पावसाची रीत बदलत असेल तर दगडी जोते, वरच्या कडेला पुढे आलेले छप्पर आणि ओढ्याच्या वाटेपासून दूर जागा, हे खर्च धरावेच लागतील. ते भिंतीच्या विरोधात जात नाहीत, फक्त ती थोडी महाग करतात. तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे इतके सोपे उत्तर नाही. हे घर आपोआप चालत नाही. बाहेर उणे पाच असताना भर दुपारी आत तीस अंश होऊ शकतात. झरोके वेळेवर उघडले नाहीत तर दमटपणाने रोपे मुळाशी कुजतात, आणि ऊन उतरण्याआधी बंद केले नाहीत तर दिवसाची कमाई तासाभरात उडून जाते. संध्याकाळी आतल्या वाफ्यांवर कापड अंथरणे, सकाळी काढणे, हे रोजचे. ही कामे बहुतेक घरांत बाई करते आणि कुठल्याही नफ्याच्या तक्त्यात तिची मजुरी धरलेली नसते. ती धरली तर पालक दिसतो तितका स्वस्त नाही. याच कारणाने आणि आणखी एका कारणाने हे घर मोठे होत नाही: भिंतीची ऊब तिच्यापुढच्या चार-पाच मीटरच्या पट्ट्यालाच पुरते. रुंदी वाढवली तर पुढचा भाग गारठतो. लांबी हवी तेवढी वाढवा, पण मग झरोक्यांसाठी पगारी माणूस ठेवा. छोटेपणा इथे आदर्श म्हणून आलेला नाही, भौतिकशास्त्राने आणि मनुष्यबळाने लादलेला आहे.

आपल्याकडे अशा भिंती बांधा असे सांगणे हास्यास्पद ठरेल. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते, निफाडात पारा घसरतो, पण असे दिवस वर्षाकाठी मोजकेच. तरीही तत्त्व तेच लागू पडते, आणि ते न कळल्याने चुकीचा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. पारा उतरला की शेतकऱ्याला सांगतात, बांधावर शेकोट्या पेटवा, ओला पाला टाका, धूर करा. आगीची ऊब जवळच्या झाडांना थोडी मिळते; धुराचे कण मात्र इतके बारीक असतात की जमिनीतून निसटणारी उष्णता त्यांना फारशी अडवता येत नाही. उलट सकाळी तोच धूर कोवळे ऊन अडवतो. आपल्या शेतातली भिंत म्हणजे जमीनच. ती ओली आणि उघडी असेल तर दिवसा जास्त ऊब घेते आणि रात्री जास्त देते. कोरडी, भुसभुशीत किंवा गवताने झाकलेली असेल तर वरचा थर लगेच थंड होतो. म्हणून कडाक्याचा अंदाज आला की आदल्या दिवशी सकाळीच पाणी द्यावे, म्हणजे त्या ओलाव्यात दिवसभराचे ऊन मुरते. पण शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी रात्रीच्या पाळीत येते. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली आहे. तिच्या फायद्यांत कोणी दहिवरापासून बचाव मोजत नसेल, पण तो मोजण्यासारखा आहे. क्रॉप कव्हरचे कापडही तेच काम करते, जमिनीतून निघालेली ऊब झाडापाशी अडवून धरते. आणि थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहून सखल जागी साचते. वेण्णाच्या काठी गाड्यांच्या टपावर बर्फाचा थर दिसतो तेव्हा वर गावातला तापमापक बऱ्याचदा शून्याच्या बराच वर असतो. एकाच गावातल्या दोन वाफ्यांची थंडी वेगळी असते. नाजूक पीक वरच्या तुकड्यात आणि कोबी-वाटाणा खालच्या तुकड्यात, एवढ्या साध्या निवडीला पैसे पडत नाहीत.

पैशाचा प्रश्न येतो तो योजनेत. संरक्षित शेतीचे अनुदान चौरस मीटरवर, म्हणजे झाकलेल्या क्षेत्रावर मोजले जाते. जितके क्षेत्र जास्त तितका आकडा मोठा. त्यात ऊब साठवणाऱ्या वस्तुमानाला, मग ती भिंत असो, चर असो की पाण्याने भरलेली पिंपे, वेगळी किंमत नाही. दोनशे लिटरचे पिंप रात्रीत दहा अंशांनी निवले तर सव्वादोन युनिटांहून जास्त ऊब देते, पण मोजमाप करायला आलेल्या माणसाच्या अर्जात पिंपाला रकाना नसतो. लडाखमध्ये ज्या पद्धतीने मातीची हरितगृहे पसरली, ती मला जास्त शहाणी वाटते. विटा, पेंढा आणि श्रम मालकाचे. जे घरी बनत नाही तेवढेच, म्हणजे अतिनील किरणांना टिकणारे प्लास्टिक आणि असे काही साहित्य, मदतीतून. भिंत मग मालकाची असते, ठेकेदाराची नाही. एक गोष्ट मात्र त्यातही सुटते. भिंत पंचवीस वर्षे उभी राहील, पण उंचावरच्या उन्हात आणि वाऱ्यात हा प्लास्टिकचा पेपर चार-पाच हिवाळ्यांत चिरतो, आणि तोवर अनुदानाची फाइल बंद झालेली असते. नवे घर बांधायला पैसा आहे, जुन्याचा पेपर बदलायला नाही, म्हणून भिंती शाबूत असूनही आतले वाफे ओस पडतात. नव्या शंभर घरांच्या खर्चातला थोडा भाग दर चौथ्या वर्षी जुन्या घरांच्या पेपरसाठी राखून ठेवला आणि फाटलेले प्लास्टिक परत घेऊनच नवे दिले, तर त्याच भिंतींआड पुढच्या जानेवारीतही पालक असेल.